दुसऱ्यासाठीं घडविलेला शिपाई

दिवाळीच्या सुटींत अंगणांत किल्ला बांधून त्यावर मातीचे मावळे मांडले नाहींत, असा मुलगा महाराष्ट्रांत क्वचितच आढळेल. बाजारांतून आणलेले हे मावळे बहुधा एकाच साच्यांतून निघालेले असतात. दहा आणले तरी दहांचीं तोंडें एकाच दिशेला, दहांचे हात एकाच उंचीवर, आणि दहांच्या ढाली एकाच रंगाच्या. मग एखादा हौशी मुलगा काय करितो? एकाच्या हातांतला मोडका भाला काढून तेथें खराट्याची काडी बसवितो. दुसऱ्याच्या पागोट्याला शेंदरी रंग देतो. तिसऱ्याला चिकणमातीची दाढी लावून बुरुजावर पहाऱ्यास उभा करितो. तो मुलगा स्वतःला कारागीर म्हणवीत नाहीं. परंतु प्रस्तुत लेखांत ज्या कलेची ओळख करून द्यावयाची आहे, तिचा पहिला धडा त्यानें नकळत गिरविलेला असतो.

इंग्लंडांत ह्याच उद्योगाला मोठ्या माणसांच्या छंदाचें, आणि कित्येकांच्या चरितार्थाचें, स्वरूप आलेलें आहे. मी नोकरीनिमित्त त्या देशांतील नॉटिंगहॅम शहरीं राहतों, आणि संध्याकाळच्या फावल्या वेळीं लोकांच्या मागणीप्रमाणें असे लहान शिपाई बदलून व रंगवून देतों. ह्या कामांत हातांना काय शिकावें लागतें आणि मनाला काय शिकावें लागतें, ह्या दोन्ही गोष्टी विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना सांगाव्या, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

खेळाची पूर्वपीठिका

पटावर सैन्य मांडून लढाई खेळण्याची कल्पना जुनीच आहे. आपलें बुद्धिबळ हें तिचेंच एक रूप होय. परंतु बुद्धिबळाच्या पटावर चिखल नसतो, टेकडी नसते, आणि कोणाचा दारूगोळा संपत नाहीं. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न प्रशिया देशांत झाला. रायस्वित्झ नांवाच्या एका गृहस्थानें १८१२ सालीं असा एक युद्धखेळ तेथील राजापुढें मांडला, आणि तोफखान्यांत अधिकारी असलेल्या त्याच्या मुलानें १८२४ सालीं त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. सैन्यांतील अधिकारी नकाशावर लहान ठोकळे सरकवून हा खेळ खेळत. त्यांच्या दृष्टीनें ती करमणूक नसून अभ्यास होता.

हा खेळ घराघरांत यावयास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली गोष्ट म्हणजे स्वस्त शिपाई. लंडनच्या ब्रिटन नांवाच्या कारखान्यानें १८९३ सालीं शिशाचे पोकळ शिपाई ओतण्यास आरंभ केला. साच्यांत वितळलेलें शिसें ओतावयाचें, आणि साच्याला लागलेला थर घट्ट होतांच आंतलें पातळ शिसें पुन्हा बाहेर काढावयाचें. शिपाई पोकळ राही, शिसें कमी लागे, आणि किंमत उतरे. दुसरी गोष्ट म्हणजे सोपे नियम. प्रसिद्ध लेखक एच्. जी. वेल्स ह्यांनीं १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' नांवाचें पुस्तक लिहून घरच्या जमिनीवर लढाई कशी खेळावी हें सांगितलें. स्प्रिंगच्या खेळण्यांतील तोफेंतून लांकडाची कांडी उडवून समोरचे शिपाई पाडावयाचे, अशी त्यांची रीति होती. खऱ्या युद्धाच्या अनर्थापेक्षां हें लहान युद्धच बरें, असेंहि त्यांनीं त्या पुस्तकांत बजाविलें. पुढच्याच वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें.

कालांतरानें तोफेच्या जागीं फांसे व मोजपट्टी आली. १९७५ सालीं लंडनमध्यें निघालेल्या गेम्स वर्कशॉप ह्या कंपनीनें १९८३ सालीं 'वॉरहॅमर' हा कल्पित जगांतील युद्धांचा खेळ प्रसिद्ध केला, आणि ह्या छंदाला मोठा बहर आला. आज त्या कंपनीचें मुख्य ठाणें नॉटिंगहॅम येथें आहे. त्या शहराच्या आसपास शिपाई बनविणारे इतके लहानमोठे कारखाने आहेत, कीं ह्या धंद्यांतील लोक त्या भागाला थट्टेनें 'शिशाचा पट्टा' म्हणतात. शिसें मात्र आतां मागें पडलें आहे. बहुतेक शिपाई प्लास्टिकचे, कांहीं राळेचे, आणि कांहीं शिसें नसलेल्या पांढऱ्या धातूचे असतात.

आजचा सर्वसाधारण शिपाई सुमारें २८ मिलिमीटर उंच, म्हणजे आपल्या आंगठ्याच्या वरच्या पेराएवढा असतो. प्लास्टिकचा शिपाई पुष्कळदां सबंध मिळत नाहीं. धड, हात, डोकीं, बंदुका व पडशा असे सुटे भाग एका चौकटीला लागलेले मिळतात, आणि ते कापून जोडावे लागतात. भाग सुटे असल्यामुळेंच त्यांत बदल करण्यास वाव राहतो.

रूपांतर म्हणजे काय

तयार शिपायाला केवळ रंग देणें म्हणजे रूपांतर नव्हे. रूपांतरांत त्याचा आकारच बदलतो. त्याचे तीन प्रकार मानतां येतील. पहिला अदलाबदलीचा: एका शिपायाचें डोकें अगर हात काढून दुसऱ्याचा बसविणें. दुसरा ठेवण बदलण्याचा: गुडघ्यांत किंवा कमरेंत कापून, उभ्या शिपायास चालता किंवा चालत्यास पडलेला करणें. तिसरा भर घालण्याचा: साच्यांत जें मुळींच नव्हतें, असें एखादें घोंगडें, जखमेची पट्टी, दाढी किंवा जनावर स्वतःच्या हातानें घडवून बसविणें. पहिल्या प्रकारास स्थिर हात पुरतो. दुसऱ्यास शरीराच्या रचनेचें ज्ञान लागतें. आणि तिसऱ्यास मूर्तिकाराची नजर लागते.

स्वतःच्या हौसेसाठीं रूपांतर करणारा मनुष्य आपल्या मर्जीचा राजा असतो. परंतु दुसऱ्याच्या मागणीवरून काम घेतलें, कीं दोन माणसांच्या मनांतला शिपाई एकच असावा लागतो, आणि तेथेंच खरी कसोटी सुरू होते. हें नीट समजण्यासाठीं मीं केलेल्या एका कामाची हकीकत सांगतों.

मागणी

उत्तर इंग्लंडांतील एका निवृत्त शिक्षकांनीं मला पत्र लिहिलें. त्यांस आपल्या नातवाच्या वाढदिवसासाठीं २४ शिपायांची एक तुकडी करून हवी होती. लढाई वॉटर्लूची. १८ जून १८१५ रोजीं बेल्जममध्यें झालेल्या ह्या लढाईंत वेलिंग्टनच्या हाताखालील इंग्रज व त्यांच्या दोस्त पलटणींनीं आणि ब्ल्यूखरच्या प्रशियन सैन्यानें मिळून नेपोलियनचा शेवटचा पराभव केला. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ सालीं आपल्या जालना जिल्ह्यांतील असई येथें शिंदे व भोसले ह्यांच्या सैन्याशीं लढलेला ऑर्थर वेलस्लीच होय. शिक्षकांना हवी होती ती पलटण इंग्रजांची २८ वी पायदळ पलटण.

ही पलटण निवडण्यास कारण होतें. १८०१ सालीं मिसर देशांत अलेक्झांड्रिया येथील लढाईंत फ्रेंचांनीं ह्या पलटणीवर पुढून व मागून एकदमच हल्ला केला. तेव्हां मागच्या रांगेला जागच्या जागीं मागें वळण्याचा हुकूम मिळाला, आणि दोन्ही रांगा पाठीला पाठ लावून लढल्या. त्या पराक्रमाची खूण म्हणून ह्या पलटणीचे शिपाई टोपीच्या पुढच्या बिल्ल्याखेरीज मागच्या बाजूसहि एक लहान बिल्ला लावीत. "माझ्या नातवानें टोपीची मागची बाजू पाहून मला प्रश्न विचारावा, म्हणजे मला ही गोष्ट सांगतां येईल," असें त्या गृहस्थांनीं लिहिलें होतें. शिवाय त्यांची आणखी एक इच्छा होती. लहानपणीं त्यांच्या घरीं एक आंखूड पायांचा, एक कान पडलेला कुत्रा होता. तसा एक कुत्रा पलटणीच्या नगारेवाल्याच्या पायाशीं बसलेला असावा.

अशा पत्रास लगेच 'ठीक आहे' असें उत्तर देऊं नये, हें मी अनुभवानें शिकलों आहें. कामास हात लावण्यापूर्वीं गिऱ्हाइकास कांहीं प्रश्न अवश्य विचारावे. शिपाई खेळावयाचे आहेत कीं कपाटांत ठेवावयाचे? खेळावयाचे असल्यास संगिनी व तलवारी जाड ठेवाव्या लागतात, नाहीं तर त्या पहिल्याच दिवशीं मोडतात. पायाखालील तबकडी केवढी असावी? कारण खेळाच्या नियमांप्रमाणें तिचें माप ठरतें. रंग दुरून उठून दिसावे कीं जवळून बारीक दिसावे? काम केव्हां हवें, पैसे किती, आणि मधून बदल सांगितल्यास त्याची भरपाई कशी? हें सर्व लेखी असावें. त्यानंतर २४ पैकीं एकच शिपाई पूर्ण करून गिऱ्हाइकास दाखवावा, आणि त्याची पसंती आल्यावरच उरलेले हातीं घ्यावे. आपल्याकडे शिंपीहि मापाचा एक अंगरखा आधीं पाहूनच पुढचे कापितो. त्यांतलाच हा प्रकार.

कुत्र्याविषयीं मीं थोडा विचार केला. वॉटर्लूच्या रणांगणावर त्या पलटणींत तसा कुत्रा होता असें कोठें लिहिलेलें नाहीं. परंतु सैन्याच्या मागें कुत्रीं जात असत, आणि ह्या एका जनावरामुळें इतिहासाविषयीं कोणाचा खोटा समज व्हावयाचा नव्हता. म्हातारपणीं एखाद्यास आपल्या बाळपणाची एक खूण खेळांत ठेवावीशी वाटली, तर ती ठेवणें हें कारागिराचें कामच आहे. मीं होकार दिला.

कृति

विद्यार्थ्यांना कुतूहल असेल म्हणून कामाचा क्रम थोडक्यांत देतों.

चौकटीवरून भाग काढतांना ते हातानें पिळून मोडूं नयेत. बारीक कातरीनें, अंगापासून थोडें अंतर राखून कापावे, आणि उरलेला खुंट धारदार चाकूनें व कानशीनें काढावा. साच्याचे दोन अर्धे जेथें मिळतात तेथें शिपायाच्या अंगावर एक बारीक शिवण उमटलेली असते. ती चाकूच्या पाठीनें खरवडून काढावी. नवशिका हें काम कंटाळून टाळतो, आणि रंग दिल्यावर ती शिवण चेहऱ्यावरच्या वणासारखी उठून दिसते.

डोकें बदलतांना मान कोठें कापावयाची हें आधीं ठरवावें. गळपट्टीच्या वरच्या कडेशीं कापलें तर सांधा तिच्या सांवलींत लपतो. प्लास्टिकला प्लास्टिक जोडण्यास जें चिकटद्रव्य वापरतात, तें दोन्ही बाजू थोड्या विरघळवून एकजीव करितें. म्हणून तो सांधा भक्कम होतो, परंतु चुकल्यास सुटत नाहीं. धातूस किंवा राळेस त्याचा उपयोग होत नाहीं. तेथें आपल्याकडे ज्याला फेव्हिक्विक म्हणतात तशा जातीचें चिकटद्रव्य लागतें. जड भाग नुसत्या चिकटण्यावर टिकत नाहींत. दोन्ही बाजूंस एक मिलिमीटरचें छिद्र हातगिरमिटानें पाडून आंत पितळेच्या तारेचा तुकडा घालावा, जसा सुतार दोन फळ्यांमध्यें खुंटी घालतो.

भर घालण्यासाठीं दोन भागांची लांबी वापरतात. घरीं नळाची गळती बंद करण्यास आपण जें एम-सील मळतों, त्याच जातीचा, पण अधिक बारीक कामास योग्य असा हा पदार्थ. एक पट्टी निळी व एक पिवळी. दोन्ही मळून एकसारखा हिरवा रंग आला, कीं ती तयार झाली. मळल्यावर सुमारें तासभर ती आकार घेते, आणि रात्रीतून दगडासारखी होते. हत्यार पाण्यानें ओलें ठेवावें, म्हणजे ती त्याला चिकटत नाहीं. टोपीमागचा बिल्ला मीं ह्याच लांबीची खसखशीच्या दाण्याएवढी गोळी सपाट दाबून केला. कुत्र्यासाठीं प्रथम तारेचा सांगाडा वांकविला, त्यावर पहिल्या दिवशीं फक्त धड व पाय घडविले, दुसऱ्या दिवशीं डोकें, आणि तिसऱ्या दिवशीं सुईच्या टोंकानें केंस व तो पडलेला कान. ओल्या लांबीवर सगळें एकदम करूं गेलें, म्हणजे पुढचें घडवितांना मागचें बोटाखालीं चेपतें. एका सेंटिमीटरच्या कुत्र्याला तीन संध्याकाळी लागल्या. ह्या कलेंत उतावीळपणास जागा नाहीं.

सर्व जोडून झाल्यावर अस्तराचा रंग, मग पातळ रंगाचे दोन दोन हात, मग सुरकुत्यांत सांवली उतरावी म्हणून गडद रंगाचें पातळ पाणी, मग उंचवट्यांवर कोरड्या कुंचल्यानें फिकट रंग, आणि शेवटीं चमक नसलेलें रोगण. तांबड्या अंगरख्यावर पिवळी गळपट्टी व मनगटें, ही २८ व्या पलटणीची ओळख.

पालकांसाठीं दोन शब्द. चाकू नेहमीं शरीरापासून दूर जाईल असा चालवावा. ओली लांबी उघड्या त्वचेस बाधते, म्हणून हातमोजे घालावे. राळ घांसतांना तिची धूळ श्वासांत जाऊं नये म्हणून ती ओली करून घांसावी व तोंडावर पट्टी बांधावी. जुने शिशाचे शिपाई हाताळल्यावर हात धुतल्याखेरीज कांहीं खाऊं नये. लहान मुलांच्या हातीं तर ते देऊंच नयेत.

चूक

नमुन्याचा शिपाई त्या गृहस्थांना फार आवडला. मुदतीच्या आंत २४ शिपाई व कुत्रा त्यांच्या घरीं पोंचले. पैसे आले, आभाराचें पत्र आलें. कुत्रा पाहून आपण बराच वेळ कांहीं बोललों नाहीं, असें त्यांनीं लिहिलें होतें.

त्यानंतर तीन आठवड्यांनीं दुसऱ्या एका कामासाठीं मी त्या काळच्या गणवेशांविषयीं वाचीत बसलों होतों. १८१२ पासून इंग्रज पायदळास एक नवी टोपी मिळूं लागली होती. तिची पुढची बाजू माथ्यापेक्षां उंच असे. वॉटर्लूस बहुतेक पलटणी तीच टोपी घालून लढल्या, आणि माझ्या चौकटींतील डोकींहि त्याच टोपीचीं होतीं. परंतु कांहीं पलटणींनीं जुनी, सरळ नळकांड्यासारखी टोपी सोडली नव्हती. त्यांत २८ वी पलटण होती. ज्या टोपीच्या मागच्या बाजूसाठीं हें सारें काम झालें होतें, ती टोपीच मीं चुकीची बसविली होती.

विद्यार्थिमित्रांनो, त्या रात्रीं माझ्या मनानें जे युक्तिवाद केले ते लपविण्यांत अर्थ नाहीं. गिऱ्हाईक संतुष्ट आहे. त्यानेंच नमुना पसंत केला आहे. पैसे हातीं आले आहेत. नातू दहा वर्षांचा; त्याला टोप्यांतला फरक काय कळणार? आणि हा शेवटीं खेळच आहे. ह्यांतला प्रत्येक युक्तिवाद खरा होता, आणि सर्व मिळून खोटे होते. कुत्रा बसविला तेव्हां मी व ते गृहस्थ दोघेहि जाणून होतों, कीं ही आपली हौस आहे. टोपीच्या बाबतींत मात्र ते माझ्यावर विसंबले होते. त्यांना ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असणें, ह्यासाठींच त्यांनीं मला पैसे दिले होते. आणि तो मुलगा ती टोपी पाहून, ती खरी म्हणून, शिकणार होता.

तीन दिवस मीं पत्र लिहिलें नाहीं. चवथ्या दिवशीं लिहिलें. चूक माझी आहे, डोकीं माझ्या खर्चानें बदलून देतों, वाढदिवसापूर्वीं शिपाई परत पोंचवितों, एवढेंच त्यांत होतें.

शिपाई परत आले. चिकटून एकजीव झालेला सांधा सुटत नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. ती शिक्षा आतां मला भोगावयाची होती. प्रत्येक मान बारीक करवतीनें कापावी लागली, आणि कापतांना पिवळ्या गळपट्टीचा रंग उडाला. जुन्या टोपीचीं डोकीं दुसऱ्या पेटींतून आणलीं, खसखशीएवढे बिल्ले पुन्हा केले, चेहरे व गळपट्ट्या पुन्हा रंगविल्या. ह्या कामांत मूळ कामापेक्षां अधिक संध्याकाळी गेल्या, आणि मिळालेल्या पैशांतून फारसें कांहीं उरलें नाहीं.

मात्र परत पाठवितांना त्या गृहस्थांनीं पेटींत एक चिठी घातली होती. "एक शिपाई चुकीच्याच टोपीचा राहूं द्या व त्याच्या जागीं दुसरा नवा करा. त्याचे पैसे मी देईन. तो माझ्या मेजावर राहील. चाळीस वर्षें मीं मुलांच्या वह्या तपासल्या; चूक दुरुस्त केलेली वही मला नेहमीं कोऱ्या वहीपेक्षां अधिक आवडली." नव्या शिपायाचे पैसे मीं घेतले नाहींत.

एका मोठ्या कामाची गोष्ट

ह्या प्रसंगानंतर मी लंडनला गेलों असतां, नॅशनल आर्मी म्युझियममध्यें असलेला वॉटर्लूचा मोठा देखावा मुद्दाम पाहून आलों. मागणीवरून लहान शिपाई घडविण्याच्या कामांत ह्याहून मोठें व ह्याहून दुःखाचें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

१८३० सालीं इंग्रज सैन्याचे सरसेनापति लॉर्ड हिल ह्यांच्या सांगण्यावरून लेफ्टनंट विल्यम सायबोर्न ह्यानें हें काम हातीं घेतलें. तो कामास कसा लागला हें प्रत्येक विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तो रणांगणावरच्या ला ए सँत नांवाच्या शेतवाडींत आठ महिने राहिला व जमिनीची मोजणी केली. एका मैलास नऊ फूट ह्या प्रमाणानें त्यानें देखावा आखला. लढाईचा सायंकाळीं सात वाजतांचा निर्णायक क्षण त्यास दाखवावयाचा होता. म्हणून त्यानें हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रें पाठवून, त्या वेळीं तुमची पलटण कोठें होती, समोर शत्रु कोण होता, शेतांत पीक कोणतें होतें, असे प्रश्न विचारिले. शेंकडों उत्तरें आलीं. जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचे, सत्तर हजारांहून अधिक धातूचे शिपाई त्या देखाव्यावर उभे राहिले.

परंतु १८३३ सालीं सरकारनें पुढील पैसे देण्याचें नाकारलें, आणि सायबोर्नला कर्ज काढून काम पुरें करावें लागलें. १८३८ सालीं लंडनमध्यें देखावा लोकांस दाखविण्यांत आला. सुमारें एक लाख लोकांनीं तो पाहिला, तरी कर्ज फिटलें नाहीं. त्याहून मोठी अडचण निराळीच होती. प्रशियन सैन्य फार मोठें व फार पुढें आलेलें दाखविलें आहे, असें वेलिंग्टनच्या बाजूचें म्हणणें पडलें. विजयाचा वांटा कोणाला किती, हा प्रश्न त्यांत गुंतलेला होता. अखेर सायबोर्ननें सुमारें चाळीस हजार प्रशियन शिपाई देखाव्यावरून काढून टाकले. नवी माहिती मिळाल्यामुळें आपण ही दुरुस्ती केली, असें त्यानें सांगितलें. थोरांची मर्जी राखण्यासाठीं त्याच्यावर दडपण आलें, असें कांहीं इतिहासकार म्हणतात. इतरांना तें मान्य नाहीं. प्रशियन सैन्य त्या सायंकाळीं रणांगणावर येऊन झुंजत होतें व विजयांत त्याचा मोठा वांटा होता, हें मात्र आज सर्वमान्य आहे. सायबोर्न १८४९ सालीं वारला. त्याला आलेलीं पत्रें आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत, आणि ज्या प्रश्नाचा निकाल देखाव्यानें लागला नाहीं त्याचा शोध घेणारे लोक आजहि तीं पत्रें वाचतात.

त्या कांचेच्या पेटीपुढें मी बराच वेळ उभा राहिलों. मीं २४ टोप्या बदलल्या. त्यानें चाळीस हजार शिपाई उचलले. बाहेरून पाहतां दोन्ही कृति सारख्याच दिसतात. घडविलेलें मोडणें व पुन्हा मांडणें हें कारागिराच्या नशिबीं असतेंच. प्रश्न एवढाच, कीं मोडतांना आपण कोणाचें ऐकिलें? पुराव्याचें, कीं ज्याच्याजवळ पैसा किंवा अधिकार आहे त्याचें? माझें गिऱ्हाईक सज्जन होतें व माझें नुकसान थोडें होतें. म्हणून मला उत्तर देणें सोपें गेलें. कर्जांत बुडालेल्या आणि देशांतल्या सर्वांत मोठ्या सेनानीच्या नाराजीस तोंड देणाऱ्या माणसाचा न्याय करण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु त्याची पेटी पाहिल्यापासून, माझ्या टेबलावर नवी मागणी आली कीं, मी कागदाच्या दोन बाजू करितों. एका बाजूस 'इच्छा' व दुसऱ्या बाजूस 'खरें' असें लिहितों. कुत्रा पहिल्या बाजूस जातो, टोपी दुसऱ्या बाजूस. पहिल्या बाजूचें सर्व गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणें. दुसऱ्या बाजूचें कोणाच्याहि मर्जीप्रमाणें नाहीं, माझ्याहि नाहीं.

ह्याच कागदाच्या तळाशीं मी आणखी एक नियम लिहून ठेविला आहे. विकत घेतलेला शिपाई कापावा, जोडावा, बदलावा. तो आपला आहे. परंतु दुसऱ्यानें घडविलेल्या शिपायाचा साचा काढून त्याच्या नकला विकूं नयेत. तो मूळ मूर्तिकाराच्या हातची भाकरी पळविण्याचा प्रकार होय. हल्लीं त्रिमितीय छपाईच्या यंत्रामुळें हें काम फार सोपें झालें आहे, म्हणूनच हा नियम अधिक जपावयास हवा.

आतां विद्यार्थ्यांसाठीं एक गृहपाठ. येत्या दिवाळींत एकाच साच्याचे पांच मावळे घ्या, आणि थोडी चिकणमाती, दोन काड्या व रंग एवढ्यांतच पांचांना पांच निराळीं माणसें करा. मात्र ते स्वतःसाठीं करूं नका. धाकट्या बहिणीला किंवा शेजारच्या मित्राला विचारा, कीं तुला कोण हवेत. तें लिहून घ्या. आणि सांगितल्याप्रमाणें करून द्या. एखादा मावळा तिनें निळा मागितला, तर निळा करा. पण तिनें किल्ल्याचें नांव विचारलें, तर पुस्तक उघडून पाहा, आणि मगच सांगा.